एक इंच मोकळी जागा

शनिवार होता, सकाळचे साडेदहा वाजले होते. रेइनो हाकोला गुडघे टेकून काइसाच्या सौनातल्या भिंतीचे स्क्रू काढत होता. काइसा दारात उभी राहून कडेवरच्या पोरीला वेलदोड्याच्या गोड पावाचे तुकडे भरवत होती आणि अधूनमधून त्याची फिरकी घेत होती.

"रेइनोकाका, हे स्क्रू तुम्हीच लावलेत ना? मग एवढे कण्हताय कशाला?"

"लावले तेव्हा बारा वर्षांनी तरुण होतो. आणि माझं काम पक्कं असतं, म्हणून तर निघत नाहीत."

"बाबा म्हणायचे, रेइनोने लावलेली भिंत पाडायला रेइनोलाच बोलवावं लागतं."

"तुझा बाप शहाणा होता."

काइसाने नवी शेगडी आणली होती, जुनीपेक्षा जरा रुंद. ती बसण्यासाठी मागची भिंत उघडून पुन्हा बांधायची होती. सौना म्हणजे वाफेच्या अंघोळीसाठी घराच्या मागच्या बाजूला काढलेली इवलीशी खोली. बाकावर तीन माणसं बसली की चौथ्याने बाहेर कुडकुडत थांबायचं. शेगडी कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर अंतरावर. कीविनॉ नावाच्या त्या सगळ्या बर्फाळ, जुन्या खाणींच्या पट्ट्यात सौना अशाच अरुंद, आणि तीस वर्षांत त्यातल्या बऱ्याचशा रेइनोच्याच हातच्या. शेगडी अडचणीच्या जागेत बसवायची तर त्यानेच, असं लोक म्हणायचे. त्याची पद्धत ठरलेली होती. भिंतीच्या उभ्या लाकडी खांबांमध्ये दगडी लोकर, म्हणजे दगड वितळवून काढलेले न जळणारे तंतू, ठासून भरायची, वरून सिमेंट बोर्ड थेट खांबांवर स्क्रूने आवळायचा, त्यावर फरशा. कुणी शंका काढली तर तो लोकरीचा तुकडा हातात धरून त्यावर गॅसची टॉर्च मारायचा. एका बाजूने ज्योत फुरफुरायची आणि दुसऱ्या बाजूला रेइनोचा तळवा. "घ्या, आता बोला," म्हणायचा. कुणी बोलत नसे.

शेवटचा स्क्रू निघाला. रेइनोने कटावणी घालून बोर्ड पुढे ओढला आणि अंगावर घेत खाली ठेवला. मग मान वर केली.

लोकर जशीच्या तशी होती. कालच भरल्यासारखी, पिवळसर करडी, कुठे डागसुद्धा नाही. आणि त्या लोकरीच्या दोन्ही बाजूंचे खांब काळे ठिक्कर पडले होते.

त्याला आधी वाटलं, सावली आहे. त्याने हातमोजा काढला आणि बोट लावलं. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत. लाकूड म्हणून काही उरलंच नव्हतं, कोळसा होता. एक ढलपी निसटून खाली पडली आणि काचेसारखी किणकिणत फुटली.

"काय झालं?" काइसाने विचारलं. "उंदीर आहे का?"

काढलेला बोर्ड रेइनोने उलटा केला. मागच्या बाजूला पेन्सिलीने त्याचं स्वतःचं नाव होतं, खाली साल. प्रत्येक कामावर तो असं नाव टाकायचा. अक्षरं तपकिरी झाली होती, पण वाचता येत होती.

"काइसा, या भिंतीच्या पलीकडे काय आहे?"

"पलीकडे?" तिने कडेवरच्या पोरीकडे पाहिलं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "पलीकडे हिची खोली आहे. हिचा पाळणा भिंतीलाच लावलाय. रेइनोकाका, ती भिंत ऊबदार असते म्हणून लावलाय."

रेइनो तसाच फरशीवर बसून राहिला. त्याच्या कानात गुणगुण सुरू झाली होती. काइसा काहीतरी विचारत होती, पोरगी पावाचा तुकडा त्याच्या टोपीवर फेकत होती, आणि तो त्या काळ्या खांबांकडे बघत होता.

त्याला माहीत होतं. हे माहीत नव्हतं असं नाही, तेच वाईट होतं. शेगडीबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत चित्र असतं. बोर्ड आणि भिंत यांच्यामध्ये एक इंच मोकळी जागा, खालून उघडी, वरून उघडी. खालची गार हवा त्या फटीतून वर चढत जाते आणि उष्णता घेऊन निघून जाते. फट नसेल तर उष्णता बोर्डातून आणि स्क्रूंमधून सरळ लाकडात उतरते. लोकर जळत नाही, बोर्ड जळत नाही. लाकूड मात्र दर शनिवारी थोडं थोडं भाजत राहतं, आणि वर्षानुवर्षं भाजलेलं लाकूड पुढे नुसत्या उबेवरही पेट घेऊ शकतं. रेइनोने ते चित्र पाहिलं होतं, एकदा नाही, अनेकदा. आणि प्रत्येक वेळी म्हणाला होता, कंपनीवाले स्वतःच्या अंगावर येऊ नये म्हणून छापतात. एवढ्याशा खोलीत एक इंच म्हणजे बाकाचा एक इंच गेला. लोकांना बाक हवा असतो.

"काका, बोला काहीतरी. मला भीती वाटतेय."

"शेगडी पेटवायची नाही," तो म्हणाला. "जुनी नाही, नवी नाही, काही नाही. पाळणा आत्ता काढ तिथून."

"पण ती विझलेलीच आहे ना, आठवडाभर..."

"काढ म्हणतो ना!"

असा तो कधी कुणावर ओरडला नव्हता. पोरगी रडायला लागली. काइसा तिला घेऊन आत पळाली आणि पाळणा फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात रेइनोच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली आणि तो ताडकन उठला.

आज शनिवार होता. चार वाजता सगळा पट्टा सौना पेटवणार होता.

*

घरी साइमा फोनशेजारी बसली होती. रेइनोने दारातूनच जे सांगितलं ते तिने एकदा ऐकलं, दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्याची बायको होती ती अडतीस वर्षांची, कोणत्या घरी त्याने काय बसवलं हे त्याच्यापेक्षा तिलाच पाठ होतं.

"सव्वीस," ती म्हणाली. "काइसाचं धरून सत्तावीस. तू त्या फोनवरून कर, मी यावरून करते. बूट काढ आधी."

दोन तास दोघं फोन लावत होते. कुणी घाबरलं, कुणी आभार मानले, एका बाईने विचारलं की मग आता अंघोळ कुठे करायची, आणि साइमाने तिला सांगितलं, "परातीत कर, पण शेगडीला हात लावू नकोस."

"रेइनो, प्यायलास का रे?" असं तिघांनी विचारलं.

आणि मग उर्हो. उर्हो मात्तिला चौऱ्याऐंशी वर्षांचा होता, खाणीत काम केलेला, कानाने अर्धा बहिरा आणि मनाने पूर्ण.

"पेटवू नको म्हणजे?" तो फोनमध्ये ओरडला. "शनिवारी? माझी सौना शनिवारी थंड राहिलेली मला आठवत नाही!"

"उर्हो, भिंतीच्या आत लाकूड जळलेलं असू शकतं."

"तूच बांधलीस ना?"

"हो, मीच."

"मग चांगलीच असणार!"

"चांगली नाही ती! मी चूक केलीय, ऐकतोयस का?"

"अरे, तुझी तब्येत बरी नाही. कॉफी पी, झोप जरा. माझी तर कधीच पेटवून झालीय, दगड तापत आलेत."

फोन ठेवला गेला. रेइनोने कटावणी उचलली, आग विझवायचं नळकांडं घेतलं आणि गाडीत बसला. साइमा मागोमाग कोट चढवत आली आणि शेजारी बसली. रस्त्यावर नोव्हेंबरचा पातळ बर्फ होता. एरवी ती "हळू" म्हणते. त्या दिवशी म्हणाली नाही.

उर्होच्या सौनाच्या धुराड्यातून सरळ, छान, पांढरा धूर निघत होता. उर्हो कमरेला टॉवेल गुंडाळून दारात उभा होता.

"या, या! दोघं मिळून आलात! बाकावर जागा आहे."

रेइनो त्याला ढकलूनच आत गेला. आत कोरडी, तापलेली हवा होती, अंघोळीत अंगावर मारायच्या बर्चच्या फांद्यांचा वास होता. आणि त्या वासाखाली दुसरा एक वास. उर्होला तो येत नव्हता, किंवा रोजचा म्हणून कळत नव्हता. रेइनोने शेगडीची झडप बंद केली आणि बोर्डाच्या कडेत कटावणी खुपसली.

"अरे माझी भिंत! साइमा, तुझ्या नवऱ्याला वेड लागलंय!"

"टॉवेल सांभाळा, उर्होमामा, आणि बाहेर या," साइमाने त्याचा दंड धरला.

फरशा तडतडत खाली आल्या. बोर्डाचा कोपरा तुटला. बोर्ड निघताच आतून धुराचं एक जाड, संथ वेटोळं बाहेर आलं, जणू कुणी इतका वेळ श्वास रोखून बसलं होतं. खांब काळा होता, आणि बोर्ड निघून हवा लागली तसं त्याच्या मधोमध, तळहाताएवढ्या जागेत, लाल फुललं. ज्योत नव्हती. नुसतं फुललेलं लाल, मंद, आणि ते रेइनोच्या डोळ्यांदेखत वर सरकत होतं.

त्याने नळकांडं रिकामं केलं. मग साइमाने दिलेली पाण्याची बादली, मग दुसरी, मग तिसरी. कटावणीने खांब फोडून त्याने आतला लाल भाग बाहेर खेचला आणि बर्फात फेकला. बर्फ फसफसला.

उर्हो उघड्या अंगाने, खांद्यावर साइमाचा कोट घेऊन, ते सगळं बघत उभा होता. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मी तर वर बसणार होतो. पाठ टेकून."

*

परतताना गाडी साइमा चालवत होती. रेइनोच्या हातांना कोळसा लागला होता आणि ते मांडीवर उताणे पडले होते. अर्ध्या वाटेवर, जुन्या चर्चजवळ, तो म्हणाला, "गाडी थांबव."

तिने थांबवली. तिला वाटलं, त्याला ओकारी येतेय.

"लेम्पी," तो म्हणाला.

साइमाने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. ती समोर बघत राहिली, आणि तिच्या गप्प बसण्यावरून त्याला कळलं की दुपारी फोन लावताना, घरं मोजताना, तिने ते घर मनात मोजलं होतं आणि तोंडाने सांगितलं नव्हतं.

ओन्नी आणि लेम्पी केस्टिला. ओन्नी रेइनोचा लहानपणापासूनचा दोस्त. लेम्पीचे गुडघे गेले तेव्हा तिला बर्फातून बाहेरच्या सौनापर्यंत जाववेना, म्हणून रेइनोने त्यांच्या घरातच, स्वयंपाकघरामागच्या कोठीत सौना बसवून दिली होती. त्याच्या हातची सगळ्यात अरुंद जागा. त्याला अभिमान होता तिचा. सहा वर्षांपूर्वी फेब्रुवारीत, शनिवारी दुपारी, ओन्नी शेगडीत लाकडं भरून चर्चच्या छपरावरचा बर्फ उतरवायला गेला. लेम्पी आत होती. तो परत आला तेव्हा घर नव्हतं.

गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांनी रेइनोलाच बोलावून विचारलं होतं. शेगड्यांतलं त्यालाच कळतं म्हणून. आणि रेइनो त्या राखेत उभा राहून म्हणाला होता, "शेगडीचं दार नीट लागलं नसेल. निखारा बाहेर पडला असेल." कागदावर तेच लिहिलं गेलं. दफनानंतरच्या कॉफीला त्याने ओन्नीच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "होतं रे असं. कुणाच्याही हातून होतं."

आता गाडीत बसून त्याला ती राख पुन्हा दिसली. शेगडीच्या दारासमोरच्या फळ्या. त्या जळल्या नव्हत्या. काळवंडल्या होत्या, पण शाबूत होत्या. निखारा दारातून पडला असता तर आधी त्याच गेल्या असत्या. मागची भिंत मात्र नव्हतीच, पार जमिनीपर्यंत. हे त्याने त्या दिवशी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पुढे काही विचार केला नव्हता, कारण त्या भिंतीत त्याची दगडी लोकर होती आणि ती जळत नाही.

"मी त्याला सांगितलं, तुझ्या हातून झालं," रेइनो म्हणाला. "साइमा, मी सांगितलं त्याला."

ती रडत होती. त्याला रडू येत नव्हतं. सकाळपासून कानात ती गुणगुण तेवढी होती.

*

रविवारी सकाळी तो एकटाच गेला. ओन्नी त्याच जमिनीवर, जळक्या चौथऱ्यापासून शंभर पावलांवर, चाकांच्या घरात राहत होता. बुटांचा बर्फ झटकून रेइनो आत आला तेव्हा ओन्नी टेबलाशी बसून पेस्टी, मांस-बटाटा भरलेली मोठी भाजकी करंजी, खात होता.

"बस. कॉफी गरम आहे. काल उर्होची भिंत फोडलीस म्हणे. सगळीकडे तीच बातमी."

रेइनो बसला नाही. उभ्यानेच त्याने सांगितलं. काइसाचा खांब, उर्होचा खांब, पुस्तिकेतलं चित्र, ती फट, बाकाचा इंच. मग दारासमोरच्या न जळलेल्या फळ्या.

ओन्नीने हातातला घास ताटात ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. एखाद्याला परक्या भाषेत काही सांगावं तसा तो रेइनोच्या ओठांकडे बघत होता.

"म्हणजे दार मी लावलं होतं," शेवटी तो म्हणाला.

"लावलं असणार."

"खिटी वाजली होती रे. मला आठवत होतं. टक्क असा आवाज आला होता, लेम्पी म्हणाली सुद्धा, हळू, मोडशील. सहा वर्षं मी स्वतःला समजावतोय की हे तू मनाने रचलंयस, ओन्नी. रेइनो म्हणाला ना, लागलं नसेल. रेइनोला कळतं." त्याने वर पाहिलं. "मी तिचं बोलणंसुद्धा खोटं धरलं."



ओन्नी उठला. एक क्षण रेइनोला वाटलं, हा आता मारणार, आणि त्याला बरं वाटलं असतं. पण ओन्नीने खुंटीवरची रेइनोची टोपी काढली आणि त्याच्या छातीशी धरली.

"जा."

"ओन्नी..."

"जा म्हटलं. मी काय करीन मला माहीत नाही."

रेइनो पायऱ्या उतरून गाडीपाशी पोचला तेव्हा मागे दार उघडलं. ओन्नी नुसत्या मोज्यांनी बर्फात उभा होता.

"किती घरं राहिलीत?"

"पंचवीस."

"लोकं आहेत त्यात?"

"आहेत."

"मग उभा काय राहिलायस?" ओन्नी इतक्या जोरात ओरडला की त्याचा आवाज फाटला, आणि दार आपटलं.

*

रेइनोने त्या हिवाळ्यात दुसरं काम घेतलं नाही. काइसाचं सोडून बाकी सव्वीसही घरी त्याने आपल्या हाताने भिंती उघडल्या, उर्होचीसुद्धा नव्याने. अकरा ठिकाणी लाकूड काळं होतं. प्रत्येक घरी, कॉफीला बसण्याआधी, तो काय झालं आणि कोणाची चूक होती ते सांगायचा. काही जणांनी पुन्हा त्याला दारात घेतलं नाही. पोकळ लोखंडी नळीचे इंचभर तुकडे कापून तो ते बोर्डामागे बसवायचा, खाली फट, वर फट. आता बोर्डामागे नाव टाकत नसे. आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांकडे जाऊन त्याने स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं की सहा वर्षांपूर्वीचं त्याचं मत चुकीचं होतं, आणि दोष शेगडीच्या दाराचा नव्हता. त्यांनी जुना कागद काढून दुरुस्त केला आणि एक प्रत ओन्नीला पाठवली. ओन्नीकडून उत्तर आलं नाही.

मार्चमध्ये तो उर्होच्या सौनाची शेवटची फरशी बसवत होता. दारात सावली पडली. ओन्नी होता. चार महिन्यांत तो रेइनोशी बोलला नव्हता, चर्चमध्येही दुसऱ्या बाजूला बसायचा.

"दाखव," तो म्हणाला.

"काय?"

"ती जागा."

रेइनो बाजूला सरकला. ओन्नी एक गुडघा टेकून खाली वाकला आणि भिंत आणि बोर्ड यांच्यामधल्या फटीत त्याने बघितलं. खालून वर बघितलं, मग उभा राहून वरून बघितलं. पलीकडचा उजेड त्याच्या डोळ्यांवर पडला होता. त्याने आपला अंगठा आडवा करून फटीत घातला. तो जेमतेम मावला.

"एवढंच?"

"एवढंच," रेइनो म्हणाला.

ओन्नी अंगठा काढून त्याकडे बघत राहिला. घरातून उर्हो ओरडत होता की कॉफी झालीय, बहिरे झालात का दोघं. ओन्नीने काही ऐकल्याचं दाखवलं नाही. तो दाराबाहेर गेला, चिखल झालेल्या बर्फातून रस्त्यापर्यंत चालत गेला आणि तिथे गाडीच्या छपरावर दोन्ही हात ठेवून, डोकं खाली घालून बराच वेळ उभा राहिला. रेइनोने ते खिडकीतून पाहिलं. त्याच्याजवळ जावं की जाऊ नये हे त्याला ठरवता आलं नाही, आणि तो ठरवतच होता तोवर गाडी निघून गेली.